बेदाण्याच्या बागेतला काळा-पांढरा पतंग

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावरच्या मराठी घरांतून किराणा भरला जातो आणि त्या किराण्यात बेदाण्याची एक पुडी असतेच. मोदकाच्या सारणात, शिऱ्यात, नैवेद्याच्या खिरीत ते दाणे पडतात. लाबुतिकमध्ये नुसते ‘रेझें’ मागितले तर दुकानदार ताजी द्राक्षे पुढे करतो, ‘रेझें सेक’ म्हटले तर बेदाणे काढतो. इंग्रज मात्र ‘रेझिन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फक्त वाळलेलीच असतात. मराठीने हा घोळ ठेवला नाही. द्राक्ष वेगळे, बेदाणा वेगळा, आणि बी असलेला मोठा काळा तो मनुका. असो.

ज्या दिवसांत आपण मूर्तीची आणि मखराची तयारी करीत असतो, साधारण त्याच दिवसांत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या आरंभी, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात फ्रेझ्नो शहराच्या भोवती द्राक्षाचे घड कापून वेलींच्या दोन ओळींमधल्या जमिनीवर कागद पसरून वाळत घातले जातात. अमेरिकेतला जवळजवळ सगळा बेदाणा या एका सॅन होकीन खोऱ्यातून येतो. ऊन, कोरडी हवा आणि दोन-तीन आठवड्यांचा काळ, एवढ्यावर ते काम होते. मजूर मधे एकदा घड उलटे करतात, मग कागद गुंडाळून ठेवतात. चार-साडेचार किलो ताज्या द्राक्षांचा एक किलो बेदाणा उतरतो.

त्याच दिवसांत, त्या कागदांच्या वरच्या वेलींवर, एक लहान अळी पाने गुंडाळीत बसलेली असते. तिचा पुढे जो पतंग होतो तो काळा आणि त्यावर पांढरे ठिपके असलेला, पंख पसरून जेमतेम इंचभर रुंदीचा. या आठवड्यात त्याच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरवले. कीटकांविषयी आमच्या वाचकांना फार गोडी असेल असे नव्हे. पण या एवढ्याशा जिवाच्या मागे जी हकिगत आहे, ती उसाच्या मळ्यातून वर आलेल्या आपल्या माणसांना परकी वाटणार नाही.

आधी त्याचे रूप पाहू. पंखांचा रंग गडद तपकिरी, नीट पाहिल्याशिवाय काळाच वाटणारा. पुढच्या प्रत्येक पंखावर दोन लंबगोल पांढरे ठिपके. मागच्या पंखावर नराला एक मोठा ठिपका असतो. मादीत तोच दुभंगून दोन झालेले दिसतात. पंखांच्या कडेला बारीक पांढरी झालर. नराच्या मिशा मध्यावर जाड होऊन कोपरासारख्या वाकलेल्या, मादीच्या सरळ दोऱ्यासारख्या. एवढ्या खुणांवर कोणाही शाळकरी पोराला नर-मादी ओळखता येते, आणि कीटकांच्या जगात ही सोय फार वेळा मिळत नाही. मात्र अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत याची एक जुळी बहीण आहे. तिच्यात आणि याच्यात फरक करायचा तर तज्ज्ञाला शरीराची चिरफाड करून पाहावे लागते.

शास्त्रात याचे नाव डेस्मिया फ्यूनेरॅलिस. हे नाव १७९६ साली जर्मनीतील ऑग्सबर्गच्या याकोब ह्यूब्नर यांनी ठेवले. हे गृहस्थ कापडावरच्या नक्षीचे आराखडे करणारे आणि ताम्रपटावर चित्रे कोरणारे कारागीर. फुलपाखरांची आणि पतंगांची रंगीत चित्रे काढता काढता ते त्या विषयाचे मोठे जाणकार झाले. फ्यूनेरॅलिस म्हणजे अंत्ययात्रेचा. काळा पोशाख पाहून युरोपातल्या माणसाला मयताची आठवण झाली. तोच पतंग एखाद्या कोकणातल्या माणसाच्या हाती पडला असता तर त्याने हे नाव ठेवले नसते, कारण आपल्याकडे मयताला पांढरे नेसतात आणि काळी चंद्रकळा संक्रांतीला. अंगावर दोन्ही रंग घेऊन बसलेल्या त्या जिवाला यातले काही ठाऊक नाही.

अमेरिकन शेतकरी हे नाव घेत नाही. तो याला ‘लीफफोल्डर’, म्हणजे पान दुमडणारा म्हणतो. आपल्या महाराष्ट्रातला शेतकरी ‘पाने गुंडाळणारी अळी’ म्हणतो, आणि ते अधिक बरोबर आहे, कारण गुंडाळते ती अळी. पतंगाचा त्यात हात नाही.

हिवाळ्यापासून आरंभ करू. खोऱ्यात नोव्हेंबर-डिसेंबरात द्राक्षाची पाने पिवळी पडून गळतात आणि वेलीच्या बुडाशी त्यांचा थर साचतो. त्या वाळक्या पानांत, पानाच्याच एका दुमडीत, तपकिरी रंगाचा कोष पडून असतो. थंडी आणि दाट धुके तो तसाच काढतो. मार्चमध्ये वेलींना नवे डोळे फुटतात, आणि पालवी जराशी पसरली की कोष उकलून पतंग बाहेर येतात. संध्याकाळ झाली की ते वेलींतून हलके हलके उडू लागतात. मादी पानांवर एकेक अंडे घालते, बहुधा जिथे शिरा एकमेकींना मिळतात त्या कोनात. अंडे चपटे, लंबगोल आणि इतके लहान की भिंगाशिवाय शोधायला बसू नये.

अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्या पहिले काही दिवस एकमेकांना चिकटलेल्या दोन पानांच्या मधे जमून खातात. पानाचा वरचा पापुद्रा खरवडला जातो, पान जाळीसारखे दिसू लागते. साधारण दोन आठवड्यांनी त्या वेगळ्या होतात, आणि मग प्रत्येकीचा स्वतंत्र संसार सुरू होतो. अळी पानाच्या कडेपाशी बसते, तोंडातून रेशमाचा धागा काढून एक टोक कडेला आणि दुसरे पानाच्या पृष्ठभागावर चिकटवते, आणि असे धाग्यामागून धागे लावीत जाते. ताणून लावलेले धागे आखडतात, कड थोडी वळते. मग पुढचे धागे, आणखी थोडी वळते. अखेर पेन्सिलीएवढ्या जाडीची नीट सुरळी तयार होते. पानाचा कागद करून चण्याची पुडी बांधणाऱ्या दुकानदाराचे बोट असते, तेवढ्याच सफाईने. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात राहिली: अळीच्या अंगात पान वाकवण्याएवढा जोर नाही. जोर धाग्याचा आहे, अळीचे काम फक्त तो योग्य जागी लावण्याचे.

त्या सुरळीत ती राहते आणि आतल्या आत पानाची कड कुरतडून खाते. तिची विष्ठाही तिथेच साठते. घर घाण झाले किंवा खाऊन संपले की ती बाहेर पडून दुसऱ्या पानावर नवी सुरळी करते. पूर्ण वाढलेली अळी पाऊण ते एक इंच लांब, हिरवट, चकचकीत आणि इतकी पारदर्शक की पोटातले खाल्लेले पान दिसते. डोके पिवळट तपकिरी. सुरळी उकलून बोट लावले तर ती अंगाचे वेटोळे फेकीत जोरात वळवळते आणि खाली टपकते. पक्ष्याच्या चोचीतून सुटण्याची ही तिची एकमेव विद्या आहे.

तीन-चार आठवड्यांत तिची वाढ संपते. मग ती पानाच्या कडेचा एक लहानसा तुकडा अर्धवट कापून तो स्वतःवर दुमडून घेते. हे शेवटचे घर सुरळीहून वेगळे असते, लिफाफ्यासारखे. त्यात कोष होतो आणि पुढे नवा पतंग निघतो. कॅलिफोर्नियाच्या त्या उष्ण खोऱ्यात वर्षाला अशा तीन पिढ्या होतात. पहिल्या पिढीच्या अळ्या मेच्या सुमारास दिसतात, दुसऱ्या जूनअखेर आणि जुलैत, तिसऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरात. थंड राज्यांत उन्हाळा आखूड असल्याने दोनच पिढ्या पुऱ्या होतात. तिसऱ्या पिढीचे कोष गळत्या पानांबरोबर खाली येतात आणि पुन्हा हिवाळा.

आता यात शेतकऱ्याचे जाते काय? आपल्या वाचकांना हे उसावरून चटकन कळेल. साखर कारखान्यात तयार होते असे आपण म्हणतो, पण खरी साखर पानात तयार होते. कारखाना ती फक्त काढून घेतो. द्राक्षातही तसेच. पानावर ऊन पडते, पान साखर करते, ती देठावाटे घडात उतरते. बेदाण्याला तर साखर अधिकच हवी, कारण दाण्यात ती भरलेली नसेल तर वाळल्यावर सुरकुतलेली साल आणि बी नसलेले काहीच उरत नाही. सुरळी झालेले पान उन्हाला अर्धेही अंग देत नाही. शिवाय पाने गेली की त्यांच्या सावलीत वाढलेले घड उघडे पडून उन्हाने करपतात. अळ्या फारच झाल्या तर दाणेही कुरतडतात.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, वेल मोठा सोशिक असतो. वसंतात थोडी पाने गेली तर तो नवी काढतो. बागेतल्या मूठभर सुरळ्यांनी उत्पन्न घटत नाही. बहुतेक वर्षी हा पतंग बागेत असतो, दिसतो, आणि काही विशेष न करता निघून जातो. एखाद्या वर्षी मात्र एका बागेत त्याचा सुळसुळाट होतो. शेतकऱ्यापुढचा प्रश्न दरवर्षी हाच असतो की यंदा औषध मारायचे की नाही. वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न दिसतो. तो प्रत्यक्षात किती माणसांच्या आयुष्याला जाऊन भिडला, ते पाहण्यासारखे आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर डीडीटी शेतीत आले आणि काही वर्षे शेतकऱ्यांना वाटले की किडीचा प्रश्न मिटला. द्राक्षबागांतला खरा शत्रू तुडतुडा; त्याच्यावर ते मुख्यतः मारले जाई आणि त्या माराखाली आमचा पतंगही येई. थोड्याच वर्षांत तुडतुडे त्या औषधाला दाद देईनासे झाले. मग दुसरे औषध, त्याच्यामागून तिसरे. प्रत्येक फवारणीने कोळी जातीचे लाल सूक्ष्म किडे वाढले, कारण त्यांना खाऊन आटोक्यात ठेवणारे जीव औषधाने आधी मेले. एक कीड मारावी आणि दुसरी जन्माला घालावी, असा तो उद्योग झाला.

त्या औषधांत कार्बारिल नावाचे एक होते, बाजारात ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाणारे. पाने गुंडाळणाऱ्या या अळीवरही ते सुचवले जाई. हे नाव आम्ही मुद्दाम लिहितो. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच सेव्हिन तयार होत असे, आणि २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री तिथल्या टाकीतून जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि ज्याने हजारो माणसे मारली, तो वायू हे औषध करण्यासाठीच साठवलेला होता. कॅलिफोर्नियातल्या पानाची सुरळी आणि भोपाळच्या जयप्रकाशनगरातली झोपडी यांच्यामध्ये एवढेच अंतर होते.

कॅलिफोर्नियात या औषधांची पहिली झळ बसली ती मजुरांना. फ्रेझ्नोच्या दक्षिणेला डिलेनो नावाचे गाव आहे. तिथे ८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो द्राक्षतोड्यांनी लॅरी इट्लिआँग यांच्या पुढारीपणाखाली काम थांबवले. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट. आठवडाभराने, १६ सप्टेंबरला, सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. मळेवाल्यांची जुनी रीत अशी की एका देशाचे मजूर संपावर गेले की दुसऱ्या देशाचे आणून बसवायचे. या वेळी दोन्ही देशांचे मजूर एकाच बाजूला उभे राहिले, त्यामुळे ती रीत चालली नाही. १९६६ साली ते डिलेनोहून राज्याची राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले. मग देशभर लोकांना द्राक्षे विकत घेऊ नका असे सांगण्यात आले, आणि लाखो घरांनी खरोखरच घेतली नाहीत. २९ जुलै १९७० रोजी डिलेनोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. संप पाच वर्षे चालला होता.

त्या करारांत मजुरीबरोबर औषधांची कलमेही होती. डीडीटीसारखी काही विषे त्या मळ्यांत वापरायची नाहीत, असे लिहून घेतले गेले. अमेरिकन सरकारने डीडीटीवर देशभर बंदी घातली ती नंतर, १९७२ साली. म्हणजे शास्त्रज्ञ लिहीत होते, सरकार विचार करीत होते, आणि ज्यांच्या अंगावर ते पडत होते त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या मजुरांनी आधी ते कागदावर आणले. फवारणी झाल्यावर ठरावीक काळ जाईपर्यंत बागेत कोणी पाऊल टाकायचे नाही, हा आज सर्वमान्य झालेला नियमही त्याच काळात रुजला. काम तिथे थांबले नाही. १९८८ साली चावेझ यांनी द्राक्षांवरच्या औषधांच्या विरोधात ३६ दिवस उपवास केला.

आपल्यापैकी ज्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईच्या बंदरातून गलबताने निघाले आणि पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढून तब्लिस्मांवर गेले, त्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. सकाळची हजेरी, सरदाराची हाक, पेटीवर किंवा ओळीवर ठरलेली मजुरी. द्राक्षाचा मळा उसाच्या मळ्याहून देखणा असतो. पण तोडणाऱ्याच्या पाठीला तो फरक कळत नाही, कारण बेदाण्याचे घड वाकून कापायचे आणि वाकूनच जमिनीवर पसरायचे असतात, आणि सावलीतही तापमान शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले असते.

आता पुन्हा पानाच्या सुरळीकडे वळू, कारण तिच्यात अजून कोणी तरी आहे.

सुरळी उकलावी आणि आत अळी असावी, पण तिने वळवळू नये. अशी स्तब्ध, ढिली पडलेली अळी दिसली तर तिच्या बाजूला भिंगातून पाहावे. तिच्या अंगाला चिकटून दोन-चार-सहा बारीक पांढुरक्या अळ्या तिला बाहेरूनच शोषीत असतात. त्या आहेत ब्रॅकॉन जातीच्या एका लहान गांधीलमाशीची पिल्ले. मादी सुरळी हुडकून काढते, आतल्या अळीला नांगी मारून लुळी करते, मारीत नाही, आणि तिच्याजवळ आपली अंडी घालते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांच्यासमोर ताजे अन्न वाढून ठेवलेले असते. खाऊन झाले की त्याच सुरळीत ती आपले कोष विणतात. दुसऱ्याने बांधलेल्या घरात, घरमालकाला खाऊन, त्याच्याच रेशमाच्या छपराखाली त्यांचे बालपण सरते. क्रूर वाटते खरे. पण द्राक्षवाल्याच्या दृष्टीने या माशीहून भला शेजारी नाही, कारण पतंगाची संख्या बहुतेक वर्षी आटोक्यात राहते ती मोठ्या प्रमाणात हिच्यामुळे. आणि फवारणीच्या पहिल्या फटक्यात मरते तीही हीच. अळी निदान सुरळीत लपलेली असते. माशी उघड्यावर फिरत असते.

म्हणून बागेत सुरळ्या दिसल्या म्हणजे टाकी पाठीवर घ्यायची नाही, आधी काही सुरळ्या उकलून पाहायच्या, असे तिथल्या शेतकऱ्याला आता शिकवले जाते. आत जिवंत, चपळ अळ्या किती, लुळ्या किती, रिकाम्या सुरळ्या किती, हे मोजायचे. नुसत्या सुरळ्या मोजल्या तर फसगत होते, कारण सोडून दिलेली सुरळीही पानावर तशीच राहते. औषध द्यायचेच झाले तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जंतूपासून केलेले देता येते. ते फक्त अळ्यांच्या आतड्यात काम करते, माणसाला आणि गांधीलमाशीला नाही. पण तेही अळ्या लहान असताना, सुरळ्या घट्ट होण्याआधी दिले तरच. उशीर झाला तर पैसे गेले.

या मोजून पाहण्याच्या रीतीला एक जन्मतारीख आहे. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हर्नन स्टर्न, रे स्मिथ, रॉबर्ट व्हॅन डेन बॉश आणि केनेथ हेगन या चौघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कीड शेतात असणे आणि किडीने नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवढ्या किडीने होणारे नुकसान औषधाच्या खर्चापेक्षा जास्त होईल, त्या मर्यादेपर्यंत ती पोचते आहे असे दिसेल तेव्हाच हात उचला, आणि उचलाल तेव्हा किडीचे नैसर्गिक शत्रू वाचतील असा उचला. आज हे सगळीकडे शाळेच्या पुस्तकात आहे. त्या वेळी, विमानातून औषधे उधळली जात असताना, हे सांगणे म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बोलणे होते. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ त्यानंतर तीन वर्षांनी आले.

त्याच विद्यापीठातल्या रिचर्ड डाउट आणि जॉन नाकाटा यांनी १९६०च्या दशकात आणखी एक मौज शोधून काढली. नदीकाठच्या द्राक्षबागांत तुडतुडे कमी आणि दूरच्या बागांत जास्त, असे का? उत्तर निघाले नदीकाठच्या रानटी ब्लॅकबेरीच्या जाळ्यांत. तुडतुड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक गांधीलमाशी आहे, मिलिमीटरभरही नसलेली. हिवाळ्यात द्राक्षाची पाने गळतात तेव्हा तिला घालायला जागा उरत नाही. ब्लॅकबेरीला हिवाळ्यातही पाने असतात आणि त्यांवर दुसऱ्या एका निरुपद्रवी तुडतुड्याची अंडी असतात; त्यांच्या आधाराने ती हिवाळा काढते आणि वसंतात बागेत परतते. शेतकरी इतकी वर्षे ती काटेरी झुडपे निरुपयोगी म्हणून तोडीत आले होते.

हे वाचताना आम्हांला आपल्या बेटाची आठवण होणे साहजिक होते. टोळ खावेत म्हणून १७६२ साली भारतातून इथे साळुंकी आणल्या. त्यांचे ‘मार्टें’ आजही आपल्या अंगणात भांडत असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बाडोसहून रोपांबरोबर आलेल्या भुंग्याच्या अळीने उसाची मुळे खायला सुरुवात केली, तेव्हा बार्बाडोसहूनच तिच्यावर जगणारी टिफिया नावाची गांधीलमाशी आणून सोडावी लागली. अर्थात बाहेरून जीव आणून सोडण्याचे सगळेच प्रयोग भल्याचे ठरत नाहीत, बेटावर तर मुळीच नाही. कॅलिफोर्नियाच्या पतंगाच्या बाबतीत सोय ही की तो आणि त्याचा शत्रू दोघेही तिथलेच. कोणाला कुठून आणावे लागले नाही. आहे त्याला मारू नये, एवढेच करायचे होते.

द्राक्ष मात्र परदेशी. बेदाण्याचे जे मुख्य वाण आहे त्याला तिथे थॉम्प्सन सीडलेस म्हणतात. मूळचे हे पश्चिम आशियाकडचे सुलताना द्राक्ष. विल्यम थॉम्प्सन नावाच्या शेतकऱ्याने १८७०च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियात युबा सिटीजवळ ते लावले आणि त्याचे नाव चिकटले. याच युबा सिटीच्या आसपास पुढे पंजाबी शिखांनी मोठ्या बागा उभ्या केल्या. आणि हेच वाण महाराष्ट्रातही पोचले. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत त्यातून एक लांबट मण्यांचा फरक निघाला. त्याला ‘तास-ए-गणेश’ म्हणतात. म्हणजे चतुर्थीच्या पुडीतला दाणा कॅलिफोर्नियाचा असो की तासगावचा, कुळ एकच. तासगावकडे घड उघड्या जमिनीवर वाळवत नाहीत. ते आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि एका तेलाच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत ठेवतात, म्हणून तो बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. कॅलिफोर्नियाचा उन्हात वाळून तपकिरी होतो. तासगावच्या बागांतही पाने गुंडाळणारी अळी असते, पण ती वेगळ्या पतंगाची. काळा-पांढरा हा तिथला नव्हे.

फ्रेझ्नोच्या शेतकऱ्याला मात्र अळीपेक्षाही पावसाची भीती जास्त. घड कागदावर असताना सप्टेंबरात पाऊस आला तर सगळे कुजते. १९७६ साली असे झाले, १९७८ साली पुन्हा झाले. म्हणून अलीकडे काही जण वेलीवरच घडाची काडी कापून दाणे तिथेच वाळू देतात आणि यंत्राने झाडून घेतात. त्यात मजूर कमी लागतात. ज्या वाकून करायच्या कामावरून एवढा इतिहास घडला, ते कामच हळूहळू कमी होत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बेदाण्याच्या पुष्कळ बागा उपटून त्यांच्या जागी बदाम लावले गेले, कारण बदामाला भाव आहे आणि तो यंत्राने हलवून पाडता येतो.

बागा राहिल्या तिथे शेतकरी हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडाशी वेलींच्या ओळींतून नांगर फिरवतात. गळालेली पाने मातीखाली जातात आणि त्यांच्याबरोबर कोषही. वर यायला बळ नसलेले पतंग तिथेच संपतात. ही रीत कोणत्याही औषधाहून जुनी आहे. पण सगळे कोष बागेत नसतात. सॅक्रामेंटो आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठाने झाडांवर चढलेला एक रानटी द्राक्षवेल आहे, मणी लहान, जांभळे, बियांनी भरलेले, माणूस एक तोंडात टाकून दुसरा टाकणार नाही असे. कोणीही बागा लावण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. त्याच्या बुडाशी कोणी नांगर फिरवीत नाही. एप्रिलच्या संध्याकाळी तिथून काळे-पांढरे पतंग निघतात, आणि त्यांच्यामागून काही दिवसांनी ब्रॅकॉनच्या माद्या.